जवाचा चहा पाण्यासारखा प्यावा, भाजताना मात्र घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरियन मालिकांच्या नादाने आधी नूडल्स आले, मग किमची आली, आणि आता ‘बोरिचा’ची पाकिटेही मराठवाड्यातल्या घरांत ऑनलाइन मागवली जाऊ लागली आहेत. बोरिचा म्हणजे भाजलेले जव उकळून केलेले पाणी. त्यात चहाचे पान नसते, त्यामुळे कॅफीनही नसते. ज्यांना संध्याकाळनंतरचा चहा झोपू देत नाही, त्यांच्यासाठी ही चांगली सोय आहे. पण पाकीट आणलेल्यांचे गाऱ्हाणे बहुतेक एकच असते: चव नाही, नुसते करपट पाणी. या पत्राचा हेतू एवढाच, की हा पदार्थ नीट कसा करायचा, कुठे बिघडतो आणि का बिघडतो, ते वाचकांना नेमके कळावे. हेही सांगायचे आहे, की यासाठी परदेशी पाकिटाची गरज नाही. किराणा दुकानातल्या जवाने काम होते, आणि आपल्या रब्बी ज्वारीनेही चांगले होते.

पहिली चूक अपेक्षेची. आपण हे दूध-साखरेच्या चहाच्या जागी ठेवतो. कोरियात ते पाण्याच्या जागी असते. मोठ्या किटलीत उकळायचे, गाळायचे, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये गार करायचे, थंडीत कोमट ठेवायचे, आणि जेवताना, जेवणानंतर, तहान लागेल तेव्हा तेच प्यायचे. खानावळीतही कित्येकदा साध्या पाण्याऐवजी तेच टेबलावर येते. जपानमध्ये हेच पेय ‘मुगिचा’ नावाने उन्हाळ्यात गारेगार पितात. त्यामुळे त्याची चव मुळात हलकीच असायला हवी. दूध घातले की ते पिठूळ लागते, साखर घातली की भाजल्याचा वास दबतो. दोन्ही घालू नये.

दुसरी चूक पुडीची. मोठ्या कोरियन पाकिटांतली पुडी साधारण १० ग्रॅमची असते आणि ती लिटरभर, कधी त्याहून जास्त पाण्यासाठी असते. कपात बुडवायच्या छोट्या पुड्या वेगळ्या मिळतात. मोठी पुडी कपभर गरम पाण्यात दोन मिनिटे बुडवून फेकली, की पैसेही जातात आणि चवही उतरत नाही. भाजलेल्या दाण्याचा अर्क पानाइतका झटपट सुटत नाही, त्याला उकळी लागते.

पाकीट घेताना घटकांची यादी जरूर वाचावी. ‘ह्यॉन्मी-चा’ म्हणजे भाजलेल्या हातसडीच्या तांदळाचा चहा, त्यात कॅफीन नसते. पण ‘ह्यॉन्मी-नोकचा’ या नावाने मिळणाऱ्या पुड्यांत तांदळाबरोबर हिरव्या चहाची पाने असतात, म्हणजे कॅफीन आलेच. दोन्हींच्या वेष्टनावर तांदळाचेच चित्र असू शकते. मक्याचा ‘ओक्सुसु-चा’ आणि कुट्टूचा ‘मेमिल-चा’ हे मात्र बोरिचाचेच भाऊबंद, धान्याचे आणि बिनकॅफीनचे.

कोरियात फार पूर्वीपासून चालत आलेला एक प्रकार म्हणजे ‘सुंगन्युंग’. भात शिजवल्यावर भांड्याच्या बुडाला जी तांबूस खरवड लागते, तिच्यावर पाणी ओतून उकळायचे आणि जेवण झाल्यावर ते प्यायचे. विजेचे राइस कुकर घरोघरी आले, बुडाला खरवड धरेनाशी झाली आणि हे पाणीही मागे पडले. जवाची गोष्टही अशीच गरजेतून आलेली. शरद ऋतूतला तांदूळ संपलेला आणि उन्हाळ्याच्या तोंडचा जव अजून शेतात उभा, अशा वसंतातल्या उपासमारीच्या दिवसांना कोरियात ‘बोरित्-गोगे’ असे नावच होते. १९६० आणि १९७० च्या दशकांत तिथल्या सरकारने तांदळात जव आणि इतर धान्ये मिसळून खाण्याची मोहीम चालवली. १९७२ च्या दुष्काळात मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (मदत म्हणून वाटलेले पौष्टिक खाणे) यांवर दिवस काढलेल्या मराठवाड्याला अशा धान्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता प्रत्यक्ष कृती. दुकानात दोन प्रकारचे जव मिळतात. एक, साल असलेला अखंड जव. हा किराण्यात किंवा पूजेच्या सामानात सुटा मिळतो. दुसरा, पाकिटातली पांढरी, गुळगुळीत बार्ली, जिची साल आणि वरचा कोंडा घासून काढलेला असतो. बोरिचासाठी पहिला हवा. साल भाजली की तिला खमंगपणा येतो, आणि आतला स्टार्च पाण्यात सहज सुटत नाही, म्हणून पाणी नितळ राहते. पांढऱ्या बार्लीचेही पेय होते, पण ते गढूळ आणि थोडे चिकट होते. लघवीच्या तक्रारीवर आपल्याकडे जे बार्लीचे पाणी देतात, ते न भाजलेल्या बार्लीचे असते. ते हे नव्हे.

पूजेच्या दुकानातला जव घेतला तर त्यात माती, काडी, खडा आणि कधी कीडही असते, हे गृहीत धरून निवडावा आणि पाखडावा. एक गोष्ट मात्र फार काळजीची आहे. पेरणीचे बियाणे या कामाला कधीही वापरू नये. बियाण्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले असते. ते ओळखू यावे म्हणून त्याला बहुतेकदा गुलाबी, लाल, निळा असा रंग दिलेला असतो. धुऊन किंवा भाजून ते विष जाईल, असे समजू नये. ज्वारी आणि मक्याच्या पिशवीत उरलेल्या संकरित बियाण्यालाही हेच लागू आहे. पेरणी झाली की अशी अर्धी पिशवी घरात पडून राहते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

निवडलेला जव दोन पाण्यांत पटकन धुवावा, भिजत ठेवू नये. चाळणीत निथळून सुती कापडावर पसरावा. आपल्याकडच्या उन्हाळी उन्हात दोन-तीन तासांत वाळतो, पावसाळ्यात पंख्याखाली रात्रभर ठेवावा. ओलसर दाणा कढईत टाकला तर आधी तो वाफेवर शिजतो, मग वरून जळतो आणि आत पांढरा राहतो. बाजारच्या पुडीपेक्षा घरचे पेय फिके झाले तर निम्म्या वेळा कारण हेच असते.

भाजण्यासाठी जाड बुडाची लोखंडी कढई उत्तम. फोडणीची, तेल मुरलेली कढई घेऊ नये, तो जुना तेलाचा वास दाण्याला धरतो. नॉनस्टिक तर नकोच. कोरडी कढई इतका वेळ तापवणे त्या थराला सोसत नाही. दहा-अकरा इंची कढईत एका वेळी पाव किलो, म्हणजे २५० ग्रॅमपेक्षा जास्त जव घेऊ नये. थर बोटभर जाडीच्या वर गेला की खालचे काळे आणि वरचे कच्चे राहते.

आधी मंद आचेवर पाच-सहा मिनिटे नुसते तापवावे. या वेळात दाण्यातला उरलासुरला ओलावा निघतो आणि कढईतून गवतासारखा वास येतो. मग आच मध्यम करून लाकडी उलथण्याने सतत हलवत राहावे. सातव्या-आठव्या मिनिटाच्या सुमारास दाणे तडतडू लागतात, काही फुगतात, एखादा उडतोही. रंग आधी गव्हाळ, मग बदामी होतो. इथे बरेच जण थांबतात, कारण घरभर खमंग वास सुटलेला असतो. पण बदामी रंगाच्या दाण्याचे पाणी पिवळसर आणि कच्चट लागते. अजून सात ते दहा मिनिटे जायला हवीत. रंग दालचिनीच्या पुढे, गडद तपकिरी झाला, वासात थोडा कॉफीचा भास आला आणि धूर निघायच्या बेतात आला, की गॅस बंद करायचा. एकूण वेळ वीस ते पंचवीस मिनिटे. वेळेपेक्षा दाण्यावर विश्वास ठेवावा. एक दाणा काढून, गार करून दाताखाली फोडावा. आतला गर सगळीकडे सारखा फिकट तपकिरी दिसला आणि दाणा कुरकुरीत तुटला, तर भाजणी जमली. बाहेर काळा आणि आत पांढरा असेल, तर आच जास्त होती. बाहेर तपकिरी पण दाताखाली चिवट लागत असेल, तर आत ओलावा शिल्लक आहे, मंद आचेवर आणखी पाच मिनिटे द्यावीत.

गॅस बंद करून जव कढईतच ठेवला तर लोखंडाच्या उष्णतेने तो पुढे भाजतच राहतो आणि दोन मिनिटांत कडवट होतो. लगेच मोठ्या परातीत पसरावा. गार झाल्यावर पुन्हा एकदा पाखडावा. सुटलेली साल आणि फुटलेले बारीक तुकडे जास्त जळलेले असतात, पेयातला कडूपणा बराचसा त्यांचाच.

काळा कुळकुळीत होईपर्यंत भाजू नये, याला चवीपलीकडचेही कारण आहे. धान्यातली साखर आणि अस्पॅराजिन नावाचे अमिनो आम्ल १२० अंश सेल्सिअसच्या वर एकत्र आले की अ‍ॅक्रिलामाइड हे कर्करोगाचा संशय असलेले रसायन तयार होते. कॉफी, बिस्किटे, तळलेले बटाटे यांतही ते असते आणि अन्नात ते होईल तितके कमी असावे, असा सर्वत्र सल्ला आहे. ते पाण्यात विरघळते, म्हणजे पेयात उतरते. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण ‘जितका काळा तितका कडक’ हा हिशोब इथे चालवू नये, आणि जळलेला घाणा सरळ टाकून द्यावा.

ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी २०० अंशांवर, एकेरी थरात, दर सहा-सात मिनिटांनी हलवत पंचवीस ते तीस मिनिटे भाजावे. फुटाण्याच्या भट्टीवर देण्याचा मोह होतो, पण तिथली वाळू इतकी तापलेली असते की ज्वारीची काही सेकंदांत लाही होते. लाहीचे पाणी उकळले की पेज होते, बोरिचा होत नाही.

गार झालेला दाणा, आणि तो पूर्ण गार झालेलाच हवा, घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात भरावा. कोमट भरला तर आत वाफ धरते आणि आठवड्यात वास जातो. अखंड दाणाच ठेवावा, दळून ठेवू नये. महिन्याभरात संपवावा, पावसाळ्यात पंधरा दिवसांत. म्हणूनच एका वेळी किलोभर भाजण्यात अर्थ नाही.

उकळण्याचे प्रमाण असे: एक लिटर पाण्याला २० ते २५ ग्रॅम भाजलेला जव, म्हणजे पोह्याच्या मोठ्या चमच्याने दोन भरलेले चमचे. पाण्याला उकळी आली की दाणे घालावेत, आच कमी करावी आणि दहा ते बारा मिनिटे हलक्या उकळीवर ठेवावे. झाकण पूर्ण लावू नये, फेस येऊन उतू जाते. गॅस बंद करून पाच मिनिटे मुरू द्यावे आणि लगेच गाळावे. चाळणीत राहिलेले दाणे चमच्याने दाबू नयेत. रंग पातळ मधासारखा तांबूस आणि नितळ यायला हवा. दाणे पाण्यात रात्रभर तसेच राहिले तर ते फुगून फुटतात, स्टार्च बाहेर येतो, पाणी गढूळ होते आणि लवकर आंबते. तेच दाणे दुसऱ्यांदा उकळले तर रंग येतो, वास येत नाही. त्यापेक्षा ते त्याच दिवशी कोंबड्यांना किंवा गुरांच्या आंबोणात द्यावेत.

पाणी कोणते, यानेही फरक पडतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात भाजल्याचा वास दबतो आणि चव जड लागते. नळाचे किंवा शुद्ध केलेले पाणी बरे. उकळल्याने जंतू मरतात, पण पाण्यातले फ्लोराइड, नायट्रेट किंवा क्षार जात नाहीत, उलट पाणी आटते तसे ते थोडे दाटच होतात. जिथे बोअरच्या पाण्याचा अहवाल खराब आला आहे, तिथे जव घालून ते पाणी पिण्याजोगे होत नाही.

साठवण हा मराठवाड्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि कोरियन पाकिटावरची सूचना इथे पुरत नाही. या पाण्यात थोडा स्टार्च आणि साखर उतरलेली असते. मे महिन्यात घरातले तापमानच ३५ अंशांच्या वर असते, त्या उष्णतेत जंतूंना याहून काय हवे. गाळलेले पातेले मोठ्या परातीत गार पाण्यात ठेवावे, परातीतले पाणी एक-दोनदा बदलावे, आणि तासाभरात फ्रिजमध्ये जाईल असे पाहावे. फ्रिजमध्ये दोन दिवस, फार तर तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. फ्रिज नसेल किंवा भारनियमन असेल, तर त्या वेळेपुरतेच करावे आणि तीन-चार तासांत संपवावे. वास आंबूस आला, वर फेस दिसला किंवा ओतताना पाणी किंचित तार धरू लागले, तर फेकून द्यावे. पुन्हा उकळून ते सुधारत नाही. काही जंतूंचे बीजाणू आणि त्यांनी सोडलेली विषे उकळीला दाद देत नाहीत.

हे पाणी माठात मात्र अजिबात भरू नये. माठ गार करतो तो त्याच्या छिद्रांमुळे, आणि त्याच छिद्रांत स्टार्च जाऊन बसतो. तो घासून निघत नाही. दोन-तीन दिवसांत माठाला आंबट वास धरतो आणि मग साधे पाणीही त्यात ठेवता येत नाही. अरुंद तोंडाच्या बाटल्यांतही तळाला तपकिरी थर धरतो. त्या रोज गरम पाणी आणि चमचाभर खाण्याच्या सोड्याने विसळाव्यात.

फ्रिजमध्येच थंड पाण्यात मुरवण्याची पद्धतही आहे. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम भाजलेला जव स्वच्छ कापडाच्या पुरचुंडीत बांधून सहा ते आठ तास ठेवायचा. चव हलकी आणि गोडसर येते. पण यात उकळी नाही, म्हणून पाणी आधी उकळून गार केलेले किंवा शुद्ध केलेलेच हवे, आणि पुरचुंडी ओट्यावर नव्हे, फ्रिजमध्येच मुरायला हवी.

आता ज्वारी. जव मराठवाड्यात फारसा पिकत नाही, तो आपल्याकडे राजस्थान, उत्तर प्रदेश अशा भागांतून येतो. ज्वारी मात्र दारातली. मालदांडी, परभणी मोती किंवा २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची दगडी ज्वारी, यांपैकी कोणतीही रब्बीची टपोरी, कोरडी ज्वारी चालेल. खरिपाची, पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी घेऊ नये. तो काळेपणा बुरशीचा असतो, बुरशीची काही विषे भाजण्याच्या उष्णतेतही टिकतात, आणि गडद भाजल्यावर बाधलेला दाणा डोळ्यांना ओळखूच येत नाही. म्हणजे निवडण्याची संधी फक्त भाजण्याआधी असते.

ज्वारीची अडचण एकच, तिची लाही होते. एकदम तापलेल्या कढईत टाकली की दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो. म्हणून गार कढईत ज्वारी घालून मग गॅस पेटवावा आणि आठ-दहा मिनिटे अगदी मंद आचेवर ओलावा काढून टाकावा. मग मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटे. दाणा लहान आणि गोल असल्याने शेवटच्या दोन मिनिटांत रंग फार झपाट्याने बदलतो, तिथे नजर हटवू नये. उकळण्याचे प्रमाण लिटरला २० ग्रॅम आणि वेळ बारा ते पंधरा मिनिटे. जवाइतका कॉफीकडे झुकणारा वास येत नाही. भाकरीच्या डाग पडलेल्या पापुद्र्यासारखी चव येते, आणि मराठवाड्याच्या जिभेला ती ओळखीची वाटते. आमचे मत विचाराल तर जेवणाबरोबर ज्वारीचे पाणी जवापेक्षा सरस ठरते.

ज्वारीचा आणखी एक फायदा. जवात ग्लुटेन वर्गातली प्रथिने असतात. ज्यांना सिलिअ‍ॅक (ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा) आजार आहे किंवा गव्हाचे वावडे सांगितले आहे, त्यांनी बोरिचा पिऊ नये. ज्वारी, मका आणि तांदळात ते ग्लुटेन नसते. मात्र गव्हाबरोबर एकाच गिरणीत किंवा कढईत गेलेले धान्य त्यांच्यासाठी वापरू नये.

मका मिसळायचा असेल तर दोन भाग जव किंवा ज्वारी आणि एक भाग मका. पेयाला नैसर्गिक गोडी येते, कोरियातही हे मिश्रण आवडीचे आहे. सिल्लोड, जालन्याकडचा वाळलेला पिवळा मका चालतो, पण तो वेगळा भाजावा, कारण त्याला जवापेक्षा दहा-बारा मिनिटे जास्त लागतात. जाडसर भरडून घेतला तर सारखा भाजतो, भरड्यातले पीठ मात्र चाळून काढावे. कोंबडीखाद्यासाठी म्हणून स्वस्तात विकला जाणारा मका घेऊ नये, ओल्या साठवणीत मक्यावर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी सहज येते. बाजरी या कामाची नाही. तिच्यात तेलाचा अंश जास्त, भाजून ठेवली की खवटते.

कोरियात ‘ग्योल्म्यॉंगजा’ नावाचाही एक चहा पितात. तो धान्याचा नाही, टाकळ्याच्या कुळातल्या भाजलेल्या बियांचा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर माजणारा तरोटा तो हाच, किंवा याचा अगदी जवळचा भाऊ. हे वाचून कोणी शेतातल्या बिया गोळा करून भाजू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. तरोट्याच्या बियांत रेचक द्रव्ये असतात, गरोदरपणात त्या टाळायच्या असतात. त्याहून मोठा धोका म्हणजे शेजारीच उगवणारा कासविंदा. शेंगा नीट न पाहणाऱ्याला तो तरोट्यासारखाच वाटतो, आणि कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुले दगावल्याच्या नोंदी आपल्या देशात आहेत. तरोट्याची शेंग बारीक, लांब, कोयतीसारखी वाकलेली आणि तिच्यातली बी तिरकस कापल्यासारखी चौकोनी असते. कासविंद्याची शेंग चपटी, रुंद, कडांना फिकट आणि बी चपटी गोल असते. फरक माहीत असला तरी हा प्रयोग घरी करण्यासारखा नाही.

बिनकॅफीनच्या पेयाची सर्वांत जास्त गरज आम्हाला दिसते ती लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या वसतिगृहांत. नीट आणि जेईईच्या तयारीत मुले रात्री अकरा-बाराला चहा घेतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असल्याचे दिले आहे. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे आणि जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री अकराच्या चहाचा निम्मा अंमल पहाटे चारलाही शिल्लक. खोलीवर गॅस नसतो, म्हणून थर्मासची रीत सांगतो. अर्धा लिटरच्या स्टीलच्या थर्मासमध्ये १५ ग्रॅम भाजलेली ज्वारी किंवा जव, लाटण्याने हलकेच दाबून फोडलेला, घालावा. वर खळखळ उकळते पाणी ओतून अर्धा-पाऊण तास ठेवावे आणि गाळून प्यावे. विजेच्या किटलीत दाणे थेट टाकू नयेत, ते तळाला बसून जळतात आणि फेस झाकणापर्यंत येतो. या पाण्याने झोप पळणार नाही. जागण्यासाठी चहा पिणाऱ्याला ते उपयोगाचे नाही. सवय म्हणून किंवा काही तरी गरम हवे म्हणून पिणाऱ्याला मात्र ते पुरेसे आहे.

या पेयाच्या नावावर रक्त शुद्ध होणे, वजन उतरणे, साखर आटोक्यात येणे असे बरेच काही खपवले जाते. ते मानू नये. गोड चहाचे चार कप कमी झाले तर तेवढी साखर कमी पोटात जाते, हा फायदा खरा आहे आणि तो पुरेसा आहे. उन्हात काम करणाऱ्यांनी हे जरूर प्यावे, पण यात घामाबरोबर गेलेले मीठ भरून काढण्याइतके क्षार नसतात. ऊन लागल्याची लक्षणे दिसली तर ओआरएस आणि दवाखाना, जवाचे पाणी नव्हे. मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितले असेल, तर हेही त्याच मापात धरावे.

ज्या महिला बचत गटांना भाजलेली ज्वारी या कामासाठी विकायची असेल, त्यांनी शेंगदाणे भाजण्याचे फिरते ड्रम वापरताना ते आधी पूर्ण धुऊन वाळवावेत. शेंगदाण्याचे तेल लागले तर माल खवटतो, आणि शेंगदाण्याचे वावडे असणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. अन्नसुरक्षेच्या नियमांत चहाची व्याख्या चहाच्या झाडापुरती आहे, म्हणून वेष्टनावर काय छापायचे ते नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावे. भाजल्याची तारीख ठळक छापावी, कारण या मालात खरी किंमत ताज्या भाजणीची आहे.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कृषी विज्ञान केंद्रांनी एक काम करावे, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत मागणी आहे. परभणी मोती, मालदांडी आणि दगडी या तीन ज्वारींसाठी दाण्यातला ओलावा, भाजण्याचे तापमान आणि वेळ यांचा तक्ता करावा, भाजलेल्या नमुन्यांतले अ‍ॅक्रिलामाइड तपासावे, आणि तो तक्ता मराठीत, बचत गटांना वाचता येईल असा प्रसिद्ध करावा. घरच्या कढईवर रंग आणि वास पाहून काम भागते, पन्नास किलोच्या ड्रमवर भागत नाही. तिथे आकडेच लागतात.

आपले,
धान्यप्रक्रियेच्या कामातील काही वाचक,
परभणी